पुदिन्यासाठी तज्ज्ञ समिती

गच्चीवरच्या कुंडीतला पुदिना पिवळा पडला आणि राहमाने नवऱ्याला, बूशताला, हाक मारली. ते रोप होणाऱ्या विहीणबाईंनी, लल्ला तामूंनी, स्वतः दिलं होतं. शुक्रवारी त्या आपल्या मुलीचं राहमाच्या मुलाशी लग्न पक्कं करायला येणार होत्या. अशाच एका घरी दिलेलं रोप पाहून त्यांनी जुळत आलेलं लग्न मोडलं होतं, हे मोरोक्कोतल्या अख्ख्या मेक्नेस शहराला ठाऊक होतं.

"अहो, कुंडी जरा उन्हात सरकवा. दोन तांबे पाणी घालते, झालं."

"अगं, असं मनाला येईल ते करायचं नसतं," बूशता म्हणाला. पाटबंधारे खात्यातल्या तीस वर्षांत तज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्याने साधा नळही उघडला नव्हता.

सोमवारी त्याचे जुने साहेब आले. माती चोळून म्हणाले, "पाणी जास्त होतंय." मंगळवारी रोपवाटिकेचा मालक म्हणाला, "पाणी कमी पडतंय." बुधवारी शेतकी शाळेचे मास्तर म्हणाले, "दोघंही गाढव. खत घाला."

प्रत्येकाला तीन-तीन पेले चहा द्यावा लागला, आणि चहा म्हटला की पुदिना आलाच.

"बाजारातून जुडी आणते," राहमा म्हणाली.

"घरात पुदिना असताना? पाहुणे काय म्हणतील?"

राहमा प्रत्येक वेळी कात्री घेऊन गच्चीवर जायची. गुरुवारी तिघांची संयुक्त बैठक झाली. दोन किटल्या रिचवून त्यांनी एकमताने अहवाल दिला: पानं झपाट्याने कमी होत आहेत, कारण अज्ञात.

शुक्रवारी लल्ला तामू आल्या त्या थेट गच्चीवर. कुंडीत नुसत्या काड्या. बूशताने घसा खाकरून अहवाल उघडला. राहमाला रडू फुटलं.

"खोटं कशाला सांगू, ताई? पाहुण्यांच्या चहात गेला सगळा. शेवटची चार पानं तेवढी तुमच्यासाठी ठेवलीत."

लल्ला तामू कुंडीजवळ वाकल्या. मग खो खो हसल्या. "अगं, त्या घरी रोप कसं हिरवंगार होतं! आणि मला चहा दिला तो बिनपुदिन्याचा. असल्या घरात मुलगी द्यायची होय? तू तारीख काढ!"

जाताना त्यांनी पिशवीतून दुसरं रोप काढून दिलं. राहमाने ते उन्हात ठेवलं, दोन तांबे पाणी घातलं.

"थांब, थांब! उद्या तिघांना दाखवून घेऊ," बूशता म्हणाला.

राहमाने गच्चीला कुलूप घातलं आणि किल्ली कफ्तानच्या खिशात टाकली.