डुलतं अंगण

अनसिंगच्या बाहेर भाजीचा मळा करणाऱ्या चंपतला आपल्या अंगणाविषयी कसलाही भ्रम नव्हता. शेतात वांग्या-मिरच्यांचे लाड पुरवणारी काळी माती अंगणात मात्र माणसाचा पाय धरला की सोडत नसे. मागच्या पावसाळ्यात त्याच्या मुलीला, तनुजाला, पाहायला आलेल्या मुलाच्या मामांची चप्पल या मातीने ठेवून घेतली होती. बऱ्याच शोधानंतर चप्पल सापडली. स्थळ मात्र गेले. त्यामुळे जऊळक्याचे रामराव आपल्या मुलासाठी, पवनसाठी, रविवारी मुलगी पाहायला येणार असे कळताच चंपतने वाशीमहून प्लास्टिकच्या हिरवळीची गुंडाळी आणली.

"आंधी वीतभर माती काढा, मुरूम भरा, मंग हे अंथरा," दुकानदाराने बजावले होते.

चंपतने ही सूचना घरी पोहोचण्यापूर्वीच बाद केली. "काळी माती काढून मुरूम भर म्हन्ते! येडा हाये का तो?" त्याने बायकोला, अंजनाला विचारले.

"त्याच्यापेक्षा खळं करा," अंजना म्हणाली. "खळ्याले कधी चिखल झाला का?"

मळणीसाठी खळे करावे तसेच मग त्यांनी अंगण केले. पाणी शिंपडले, बैल फिरवले, धुमसाने चोपले, शेणाने सारवले. गवत उगवू नये म्हणून वर मिरचीच्या वाफ्यांतला उरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर पसरला आणि वाफ्यावर दाबतात तशाच त्याच्या कडा मातीत पक्क्या गाडल्या. त्यावर हिरवळ अंथरली.

तनुजा वाशीमला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने टाचेने अंगण दाबून पाहिले. "बाबा, याच्याखाली पानी शिरलं तं जाईन कुठून?"

"हिवाळ्यात पानी येते कुठून, ते सांग पह्यले."

सरासरीच्या दृष्टीने प्रश्न निर्दोष होता. परंतु शनिवारी सरासरी आली नाही, पाऊस आला.

रविवारी सकाळी अंगण हिरवेगार, स्वच्छ आणि किंचित श्वास घेत असल्यासारखे दिसत होते. छपराचे पाणी वरच्या बाजूची कड उकरून कागदाखाली शिरले होते. तळाशी खळे अभेद्य होते आणि खालची कड चंपतने स्वतः चोपली होती. त्याने एका टोकाला पाय ठेवला. दुसऱ्या टोकाला घागर घेऊन उभी असलेली अंजना हलकेच उंचावली.

"अवो! मी वर आली!"

"बाबा, कड फोडून पानी सोडा," तनुजा म्हणाली.

"फाटकाकडंच जाईन न ते सारं. पाव्हण्याइले चिखलातून आनू का पुन्हा?"

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

रामराव आजवर एकाही घरावर समाधानी झाले नव्हते. एका ठिकाणी मुलगी, शेत आणि जेवण पसंत पडल्यावर त्यांनी दाराची कडी नापसंत केली होती. ते हिरवळीवर अंथरलेल्या सतरंजीवर, लोडाला टेकून बसले, आणि समोर बसलेल्या त्यांच्या पत्नी रुखमाबाई वर गेल्या.

"माय वो! मले कोन उचलून राह्यलं?"

"जागा जराशी नरम हाये," चंपत म्हणाला.

तनुजा चहा ठेवून बसली. रामरावांनी कपासाठी हात लांबवला, तेव्हा एक मंद लाट सतरंजीखालून गेली आणि चंपतच्या बशीतला चहा त्याच्या मांडीवर आला. एकाने हालचाल केली की तिचे फळ दुसऱ्याला भोगावे लागते, हे सर्वांना लवकरच उमगले. सगळे निश्चल बसले. धुतलेल्या आकाशातून पांढरे ढग सावकाश चालले होते. खालून कुणीतरी खर्जात एकदाच "डर्रांव" म्हणाले.

"खाली कोन हाये?" रामरावांनी संशयाने विचारले.

"कोनी नाई, मालक."

"मंग ठीक हाये. मी काय म्हन्तो, पोरीले... पोरीले..."

एक लाट आली, एक गेली. रामरावांची मान लोडावर कलली आणि ते घोरू लागले. पाहुणा झोपला म्हणजे स्थळाचा कंटाळा आला, एवढाच त्याचा अर्थ चंपतला ठाऊक होता.

"हालू नका कोनी!" रुखमाबाई कुजबुजल्या. "झोपेची गोयी घेऊनही झोप येत नाई या मानसाले. आज पह्यल्यांदा लागली."

प्रथेप्रमाणे मुलीने दोन उत्तरे देऊन आत जायचे असते. परंतु प्रश्न विचारणाराच झोपला होता, आणि उठले असते तर तो जागा झाला असता. तनुजा बसून राहिली. समोर पवन होता.

"तुमी मातीचंच काम करता न?" त्याने हळूच विचारले. "मंग हे काय हाये?"

"बाबांनं मातीले न इचारता केलेलं काम."

"बुडन का हे?"

"नाई. पन तुमी उजवीकडं कलले, तं माही आई वर जाईन."

पवन अतिशय काळजीपूर्वक डावीकडे सरकला. तनुजाला हसू आले. मग ते बोलतच राहिले. तिने त्याला विचारले, त्याने तिला, आणि मध्येच दोघांनी मिळून अंजनाला समपातळीत आणले. चंपत ढगांकडे पाहत होता. घर, फाटक, निंबाचे झाड, सारेच कुठेतरी निघाले आहे आणि पोहोचण्याची कुणालाही घाई नाही, असे त्याला वाटत होते. उभ्या जन्मात या मातीने त्याला खाली ओढले होते. आज प्रथमच ती त्याला झोका देत होती.

रामराव जागे झाले तेव्हा ऊन कलले होते. त्यांनी आकाश पाहिले, मग हसणारा मुलगा पाहिला.

"काय झालं?"

"पोरापोरीचं जमलं," रुखमाबाई म्हणाल्या.

रामरावांनी तळव्याने सतरंजी दाबून पाहिली. समोर चंपत हलकेच वर गेला.

"पोरगी पसंत हाये," ते म्हणाले. "पन एक अट हाये. लग्नाच्या आंधी माह्या अंगनात असंच करून पायजे. असंच. डुलतं."

अडचण एवढीच होती, की जऊळक्याला रामरावांचे घर मुरमाड उतारावर होते. तिथे हंडाभर पाणी ओतले तरी हंडा खाली ठेवेपर्यंत ते नाहीसे होई.

सोमवारी प्रयोगशाळेत एक शेतकरी आला. त्याच्या शेतातले पाणी काही केल्या निचरत नव्हते. तनुजाने त्याला चर खोदण्याची नेहमीची शास्त्रीय सूचना दिली. मग तिने दार लोटले, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवून विचारले,

"काका, त्याच्यातली चार ट्रॉल्या माती मले देता का?"