पक्का जोड

"आणखी एक पट्टी मारतो," दादा म्हणाला, तेव्हा वहिनीनं हातातला चहाचा कप पिकअपच्या टपावर ठेवला आणि सरळ घरात निघून गेली. सकाळपासूनची ही सातवी पट्टी होती.

दादा वेल्डर. त्याच्या हातचं काम पाहून लोक आधी हसत आणि मग गप्प बसत. त्यानं केलेलं स्टूल दोघांशिवाय उचललं जात नसे. फाटक उघडायला पाहुण्यांना आतून मदत लागे. "बोल्ट सैल होतो, माणूस सैल होतो, वेल्ड सैल होत नाही," हे त्याचं तत्त्वज्ञान. आज तर काम धाकट्या बहिणीचं होतं. मग काय विचारता!

धाकटीनं बारा वर्षं दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दिवसा बेकरी आणि उरलेल्या वेळात आई, असं तिनं तीन वर्षं निभावलं. दादाला साधी हाकही मारली नाही. आता तिनं स्वतःचं दुकान घेतलं होतं. जुना, आतून विटा लावलेला लोखंडी ओव्हन मिळाला होता. इस्पितळानं पहिली ऑर्डर दिली होती: आज चार वाजेपर्यंत ऐंशी पाव. वेळेत आले तर रोजची ऑर्डर, नाही तर राम राम.

ओव्हन म्हणजे हत्तीच. तो ट्रेलरवर घालून ओढत न्यायचा म्हणून दादानं पिकअपला मागे नवा हूक बसवला. गाडीच्या सांगाड्याला दोन लोखंडी चॅनेल, त्यावर जाड प्लेट, प्लेटवर गोळा, गोळ्यावर ट्रेलरचं तोंड आणि ते निसटू नये म्हणून आरपार पिन. झालं काम. पण ओव्हन चढवून झाल्यावर दादा मागे उभा राहून त्या पिनेकडे बघत बसला. पिन हलत होती. अगदी जराशी, पण हलत होती.

"बहिणीचं ओझं वाटेत पडलं तर आईला काय तोंड दाखवू?" तो पुटपुटला आणि त्यानं पिनेला दोन्ही बाजूंनी वेल्ड मारला.

देव माणसाला अक्कल देतो, पण ती वेळेवर पोचवायची हमी घेत नाही. दादाची अक्कल पोचली ती धाकटीच्या दुकानासमोर, पावणेबारा वाजता.

"दादा, आता ट्रेलर सोडव," धाकटी पदर खोचत म्हणाली. "पुढचं दार अरुंद आहे. बोळातून ढकलत मागच्या दाराशी नेऊ. शेजारचे सहाजण थांबलेत."

दादा त्या पिनेकडे बघत राहिला.

"दादा?"

"सुटत नाही गं तो."

"म्हणजे?"

"म्हणजे... पक्का केलाय."

वहिनी गाडीतून खाली उतरली, वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, पिन काढायला असते!"

"निसटू नये म्हणून असते," दादा म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

ग्राइंडर आणला. पहिली डिस्क झिजली. दुसरी तुटली. तिसरीनं वेल्डवर एक रेघ उमटवली, नखानं ओढल्यासारखी. समोरचे निवृत्त मास्तर खुर्ची घेऊन बाहेरच येऊन बसले होते. ते म्हणाले, "काम मात्र पहिल्या नंबरचं आहे हो!"

"मास्तर, तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली.

मग ठरलं, अख्खी गाडीच उलटी बोळात घालायची. पण दादाला ट्रेलरसकट गाडी मागे घेता येत नव्हती. तो स्टिअरिंग डावीकडे वळवी, ट्रेलर उजवीकडे जाई. "इकडे घ्या!" "तिकडे नको!" सहा माणसांनी अकरा सल्ले दिले. चौथ्या खेपेला ट्रेलरनं मास्तरांच्या कुंडीचा निकाल लावला.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "तशीही वाळलेलीच होती."

एवढ्यात धाकटी दुकानातून धावत आली. "दादा, पीठ फुगून वर आलंय. तासाभरात भट्टीत गेलं नाही तर आंबून जाईल. ते काही आपल्यासाठी थांबत नाही."

दादाचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे गेलं गं सगळं. तू आमच्यासाठी एवढं केलंस आणि मी..."

"रडायला वेळ नाही," ती म्हणाली. एकदा ओव्हनकडे बघितलं, एकदा आभाळाकडे. "लाकडं आण."

"कुठे?"

"इथेच. ट्रेलरवर. ओव्हनला छप्पर लागतं असं कुणी सांगितलं?"

सहाजणांनी लाकडं आणली, मास्तरांनी धुराड्याचा पाईप धरला, वहिनी पत्रे तेल लावून पुढे करत राहिली. पहिला घाणा बाहेर आला तेव्हा रस्त्यावरून जाणारा सायकलवाला न सांगता उतरला. साडेतीनला साठ पाव तयार झाले. वीस आत होते.

"आता न्यायचे कशानं?" वहिनीनं विचारलं.

सगळ्यांनी पिकअपकडे बघितलं. मग पिकअपच्या मागे बघितलं.

आग विझवली, निखारे काढले. पण विटा लाल तापलेल्या होत्या. वीस पाव आतच भाजत राहिले आणि वरात निघाली: पुढे दादा, मागे धुराडं, आणि ओव्हनच्या दारापाशी राखणीला धाकटी.

चारला पाच कमी असताना इस्पितळाच्या स्वयंपाकघरापाशी गाडी थांबली. तिथल्या मुख्य बाई हातातल्या घड्याळाकडे बघतच बाहेर आल्या. धाकटीनं ओव्हनचं दार उघडलं आणि शेवटचे वीस पाव त्यांच्यासमोर बाहेर काढले. बाईंनी एक फोडला. वाफ निघाली. त्यांनी एक घास तोंडात घातला.

"अठरा वर्षं इथे आहे," त्या म्हणाल्या. "आजाऱ्यांना गरम पाव कधी देता आला नाही. रोज असाच आणाल?"

दुसऱ्या दिवशी दादा डझनभर नव्या डिस्क घेऊन दुकानाशी आला. ट्रेलरपाशी गुडघे टेकले, ग्राइंडर लावणार, तोच धाकटी आडवी उभी राहिली.

"हात लावायचा नाही."

"अगं, गाडी माझी आहे!"

"माहीत आहे. चालवणारही तूच. मला कुठे येते?" तिनं ट्रेलरवर हात ठेवला. "दादा, काल तू नसतास ना, तर ते ऐंशी पाव दुकानातच राहिले असते. बारा वर्षं या दिवसाची वाट बघत होते मी."

दादानं ग्राइंडर खाली ठेवला. देवानं आपल्या चुकीचंही सोनं केलं, आणि तेही बहिणीच्या हातून, हे त्याच्या ओठांवर आलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बरं. किती वाजता यायचं?"

"चार."

"जमेल. संध्याकाळी मी मोकळाच असतो."

"पहाटे चार, दादा. पाव नाश्त्याला लागतो."

आठच्या आत कधी न उठलेला दादा काही म्हणणार, तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "उठतील हो. मी आहे ना!"