दामूभाऊंचा उजवा हात

चांद्याच्या आमच्या टॉकीजमध्ये सिनेमा मशीन दाखवायचं आणि दामूभाऊ झाकायचे. दामूभाऊ म्हणजे तिथले ऑपरेटर, आणि आळीत माझे शेजारी. पडद्यावर नायक नायिकेजवळ जरा सरकला, की भाऊ वर केबिनमध्ये मशीनच्या भिंगापुढे उजवा तळहात धरत. पडदा काळाठिक्कर, आवाज मात्र चालू. नायिका अंधारातच लाजायची, बाकांवरून शिट्ट्या पडायच्या आणि केबिनच्या झरोक्यातून भाऊ ओरडायचे, "माय-बहिनी बसल्या हायेत ना, बाप्पा!"

मुंबईत सेन्सॉर बोर्ड आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण भरवसा नव्हता. "ते मुंबईचे लोकं. त्याईले काय समजते?" नवी रिळं आली, की भाऊ सकाळीच एकटे बसून ती तपासत आणि केबिनच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवत: 'तिसरं रीळ, झाडाखाली, हात. सातवं रीळ, नावेत, हात.' एकदा आमच्यापैकी दोघांनी खास नागपूरला जाऊन त्या हातामागचं पाहून घेतलं. परत आले ते तोंड पाडून. नायकानं नायिकेच्या पायातला काटा काढला होता.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. पंधरवड्यातून एकदा सकाळी ते घराच्या दाराला पाठ लावून ओट्यावर बसत. कोणी आलं की, "आज नाई, उद्या या." वर कारण विचारायची सोय नाही. कारण सगळ्या आळीला माहीत होतं. घरात त्यांची थोरली बहीण होती, गंगूआक्का. बाराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून लाल आलवणात. त्या सकाळी मागच्या दारानं न्हावी यायचा. आक्का साठीला टेकली तरी यायचा. आम्ही शिकलेली माणसं. मी तर शाळेत इतिहास शिकवायचो. आम्ही "दामूभाऊ चक्रम आहेत" म्हणायचो आणि पुढे जायचो.

मग मुंबईचा एक दिग्दर्शक मार्कंड्याला आला. वैनगंगेच्या काठी, देवळासमोर, भोसल्यांच्या काळातला सिनेमा काढत होता. अर्धा चांदा तिकडे लोटला. आमचे हेडमास्तर सुट्टी टाकून तीन दिवस उन्हात भालदार म्हणून उभे राहिले आणि पुढे वर्षभर कोणाशीही बोलताना जरा ताठच उभे राहत.

सिनेमा चांद्यात लागला तेव्हा रविवारच्या तीनच्या खेळाला पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना स्वतःला पाहायचं होतं. दिसलं काय, तर एक वाडा, एक अंगण आणि एक गप्प बाई. गाणं नाही, लढाई नाही. पन्हळीतून पाणी गळतंय, ते कितीतरी वेळ गळतंय. "काऊन रे, मशीन अडकली का?" मागून कोणीतरी विचारलं. हेडमास्तरांचा तर फक्त भाला दिसला. तोही वरचं टोक.

मध्यंतरानंतर त्या बाईचा नवरा मरतो. अंगणात तिला पाटावर बसवतात, न्हावी येतो. केस पडताना दिसत नाहीत, नुसता वस्तऱ्याचा आवाज. मग ती उठून मार्कंड्याच्या घाटावर जाते. डोक्यावरचा पदर काढते. बोडकं डोकं ओल्या हातानं चाचपते, पाण्यात वाकून पाहते, कुंकवाचं बोट कपाळाला लावते आणि हसते. मोठ्यानं, पोट धरून, थांबतच नाही.

सगळं थिएटर हाताची वाट पाहत होतं. "दामूभाऊ, हात!" कोणी ओरडलं. हात आला नाही. "अरे, झोपला का?" बाई हसतच होती. मग हेडमास्तर उठले. "धर्म बुडवून राह्यले हे लोकं!" त्यांच्यामागून खुर्च्या उठल्या, एक पडद्यावर गेली. बायकांच्या बाजूला मात्र एकही जण हलली नव्हती. नवऱ्यांनी नावानं हाका मारल्या तेव्हा त्या उठल्या. माझी बायकोही तशीच उठली आणि घरी येईपर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालली. मालकानं मशीन तिथंच बंद करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सिनेमा बंद करा म्हणून मालकाकडे द्यायचा अर्ज तयार झाला. अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही. 'चित्रपटाचा शेवट तर समाजाला अत्यंत घातक आहे,' असं वाक्य मी स्वतःच्या पदरचं घातलं. सह्या भराभर पडल्या. मालकानं रिळं परत पाठवली. केबिनची भिंत तपासली, तर या सिनेमासाठी तिच्यावर खडूची एक रेघ नव्हती. दामूभाऊंना घरी बसवलं.

वर्षभरानं वर्तमानपत्रात आलं, की त्या सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं. हेडमास्तरांनी लगेच शाळेत 'आपला मार्कंडा जगाच्या पडद्यावर' असं भाषण ठोकलं. मी टाळ्या वाजवल्या. निर्लज्जपणा एकट्यानं करायचा नसतो, एवढं मला तोवर कळलं होतं.

नवा ऑपरेटर सगळं दाखवायचा. त्यामुळे गंमतच गेली, अशी बाकांवरून कुरकुर सुरू झाली. शेवटी मालकानंच मला दामूभाऊंकडे पाठवलं. भाऊ पडवीत पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होते. आत आक्का पानं निवडत होती.

"मालक बलावून राह्यले, भाऊ," मी म्हणालो. "उद्यापासून या म्हणते."

"मी हात नाई ठेवणार आता."

"मंग त्या दिवशी काऊन नाई ठेवला, ते तरी सांगा."

भाऊंनी पानाला काडी टोचली. "ठेवत होतो, जी. भिंतीवर लिवलं नवतं, तरी हात आपसूक उठला. आदत ना! पन आक्का बाजूले उभी होती. मागच्या जिन्यानं आनली होती मी तिले. जनमात पह्यल्यांदा सिनेमा. झरोक्यातून पाहून राह्यली होती. तिनं माहा हात धरला. मने, राहू दे, दामू. मले पाहू दे." त्यांनी दुसरं पान घेतलं. "मंग तेही हासली. पडद्यावरची हासत होती ना, तशीच. मी आक्काले हासताना कदी पाह्यलंच नवतं, जी. तेवढ्यात तुमी लोकायनं खुर्च्या फेकल्या."

मला तिथून उठायचं होतं. पण आक्का दारापर्यंत आली. आलवण नीट पुढं ओढलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"गुरुजी, तुमी शिकलेले हाये. त्या बाईचं पुढं काय झालं, जी? दामूले इचारलं तर मनते, मी रीळ तपासलं, पन तुले सांगनार नाई. सांगा ना. चांगलं झालं का तिचं?"

भाऊंनी मान खाली घातली होती. शेवटी तिचं काय होतं ते त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते सांगत नव्हते. मला माहीत नव्हतं. ज्या शेवटाला मी घातक म्हटलं होतं, तो मी पाहिलाच नव्हता.

"चांगलं झालं, आक्का," मी म्हणालो.

आक्कानं मान हलवली आणि ती पुन्हा पानं निवडायला बसली.