उकडलेलं काळीज

"उद्या बघाच तुम्ही! असा फेस काढतो, असा फेस काढतो, की तपासणीच्या बाई खुर्चीसकट मागं सरकतील!"

विज्ञानाच्या सरांनी स्टाफरूममध्ये अशी गर्जना केली, तेव्हा पीटीचे सर नखं कापत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "फेस येईल हो. कुणाच्या तोंडाला, तेवढंच बघायचं."

सरांनी कानाडोळा केला. त्यांच्या प्रयोगशाळेच्या जिवावर बेतलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंना ती खोली मीटिंगसाठी हवी होती. "तिथं नुसत्या बरण्याच तर बसून असतात," असं त्यांचं म्हणणं. तपासणीच्या बाई उद्या एक तास बघणार आणि खोलीचा निकाल लावणार!

सरांचा बेत मात्र पक्का होता. खाटकाकडून आणलेल्या काळजाचे, म्हणजे कलेजीचे, तुकडे दोन डब्यांत. एकातलं कच्चं, एकातलं उकडलेलं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्चं टाकलं, की त्यातलं एन्झाइम खवळतं आणि फसफसून फेस वर येतो. उकडलेलं टाकलं, तर ढिम्म! उष्णतेनं एन्झाइम कसं कामातून जातं, ते मुलांना डोळ्यांनी दिसणार. डबे फ्रिजमध्ये ठेवून सर गाढ झोपले. सकाळी उचलले आणि निघाले.

वर्ग गच्च भरला होता. पहिल्या बाकावर तपासणीच्या बाई. पाठ ताठ, चष्मा नाकाच्या टोकाला. शेजारी मुख्याध्यापिकाबाई, खोलीच्या भिंती नजरेनं मोजत.

"मुलांनो, एन्झाइम म्हणजे कुलूप समजा," सर रंगात आले. "ठरावीकच किल्ली बसते. बसली, की काम झटक्यात! पण कुलूपच तापवून वेडंवाकडं केलं, तर किल्ली काय करणार? आता बघा, हे कच्चं काळीज!"

दोन्ही डब्यांतला रंग जरा सारखाच वाटला. फ्रिजची हवा लागली असेल, असं म्हणत त्यांनी तुकडा परीक्षानळीत सोडला.

तुकडा तळाशी जाऊन बसला. पेन्शन घेतल्यासारखा.

"थंड आहे ना, म्हणून सुस्तावलंय," सर हसले. "थंडीत एन्झाइम मरत नाही, फक्त रेंगाळतं. आपल्यासारखंच!" त्यांनी नळी कोमट पाण्यात धरली. काही नाही. तुकडा बारीक चिरून टाकला. काही नाही. पेरॉक्साइड वाढवलं. एक बुडबुडा आला, इकडेतिकडे बघून फुटला.

"सर," तपासणीच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ते उकडलेलं कुठलं होतं?"

सरांच्या काळजात चर्र झालं. महिनाभरासाठी राहायला आलेल्या सासूबाई त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी फोन लावला. घाईत बोट भलतीकडे पडलं आणि फोनचा आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू जाऊ लागला.

"आई, फ्रिजमधल्या डब्याला हात लावलात का?"

"हात कशाला लावते? चांगलं शिजवलं!" सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "एक डबा उकडलात आणि एक तसाच विसरलात, जावईबापू! कच्चं काळीज घेऊन शाळेत गेला असता, तर लोक मला काय म्हणाले असते? थोडं मीठही घातलंय हो!"

वर्ग खदखदून हसला. मुख्याध्यापिकाबाई तर नुसत्या प्रसन्न झाल्या. फोन बंद करण्याच्या गडबडीत सरांचं कोपर स्टँडला लागलं आणि परीक्षानळ्या खळ्ळकन जमिनीवर!

"अहो, सांभाळून! मुलांच्या पायात काचा जातील!" तपासणीच्या बाई स्वतःच वाकल्या आणि त्यांनीच काच बोटात घुसवून घेतली. "आई गं!"

"थांबा, हलू नका!" सरांनी औषधाच्या दुकानातली पातळ पेरॉक्साइडची बाटली उचलली आणि बोटावर ओतली.

फस्स्‌!

पांढराशुभ्र फेस! बोटावर उभाच्या उभा!

सर सगळं विसरले. बाई, तपासणी, नोकरी, सासूबाई, सगळं! "आलं! आलं!" ते ओरडले. बोट मनगटासकट उंच धरून ते वर्गाकडे वळले. बाईही फरपटत मागं आल्या. "बघा मुलांनो! रक्तातही तेच एन्झाइम असतं! ताजं आहे, तापवलेलं नाही, मीठ घातलेलं नाही! हे काम करतंय, हे बघा, हे!"

मुलं बाकांवर उभी राहून टाळ्या पिटू लागली. मागची पोरं पुढं घुसली. कुणी चष्मा पुसून पाहिलं.

"सर," मागून बाईंचा आवाज आला, "बघून झालं असेल, तर माझं बोट परत मिळेल का?"

सरांनी पटकन हात सोडला. बाईंनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. अजून एक बुडबुडा हळूच वर येत होता. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला.

"इतकी वर्षं तपासण्या करतेय," त्या म्हणाल्या, "धडा समजावा म्हणून कुणी मला इतकं वापरलं नव्हतं. राहू द्या खोली यांच्याकडेच."

मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा पार उतरला. पीटीच्या सरांनी दारातूनच हात जोडले.

प्रयोगशाळा वाचली खरी. पण दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली आणि दारात ही भली मोठी रांग! कुणाचं ढोपर, कुणाचं कोपर, कुणाची हनुवटी. सगळी आनंदानं सोलवटून घेतलेली.

"सर, माझ्यातपण आहे का बघा ना!"

सरांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे, आणि आतून कडी लावून घेतली.