घरातल्या सगळ्यांना विचारलं आहे

"आता हे विचारतंय, नवीन पत्ता काय," काका कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाले. "काय टाकू?"

"तुम्हाला काय वाटतं?" बटणशेठने विचारलं.

"मला काय वाटायचंय त्यात? मी कुठं घर बदलतोय?"

"काका, मी मदत करायची नाही. चाचणीचा नियमच आहे तो. मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं आणि पुढं जात राहायचं. मी मध्येच काही बोललो तरी लक्ष द्यायचं नाही. इथं चूक-बरोबर असं काही नसतं."

बटणशेठ हे नाव घरच्यांनी ठेवलेलं. वेबसाइट देखण्या आणि वापरायला सोप्या करून देणारी त्याची छोटीशी कंपनी होती. पण विमा कंपनीतली कायमची नोकरी सोडून हा नेमकं करतो काय, हे घरात कुणालाच उमगलं नव्हतं. 'पडद्यावर बटणं बसवतो' इथपर्यंत सगळ्यांची मजल गेली होती. काकू तर प्रत्येक भेटीत विचारायची, "परत घेतील ना रे ते तुला?" कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, मीटिंगसाठी काचेने वेगळा केलेला तिचा कोपरा, स्वतः बटणशेठ आणि एक प्रोग्रामर बाई.

हातात मोठं काम एकच होतं. घरसामान हलवणाऱ्या एका ट्रकमालकाची वेबसाइट. आणि त्या ट्रकमालकाचा वेबसाइटवर काडीचा विश्वास नव्हता. "लोक चारदा फोन करतात, भांडतात, मग हो म्हणतात," तो म्हणायचा. "बटण दाबून कोण संसार हलवतो?" दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेवटचं हो की नाही सांगायला येणार होता. नाही म्हणाला, तर कंपनीला कुलूप आणि बटणशेठला पुन्हा विम्याचं टेबल. म्हणून ही शेवटची चाचणी, खऱ्याखुऱ्या माणसावर. काका निवृत्त लिफ्ट तपासनीस. भिंतीवर लिहिलेली सूचना लोकांना पाळायला लावण्यात त्यांची हयात गेली होती, आणि स्वतः तर ते सूचनेबाहेर पाऊल टाकत नसत.

"सामान काय काय?" काका मोठ्याने बोलू लागले. "पलंग. जेवायचं टेबल. लोखंडी कपाट. अरे, हे कपाट म्हणजे धोंड आहे. तुझी काकू कधीची मागे लागलीय, भिंतींना रंग द्या म्हणून. मी म्हणतो, देऊ की, पण कपाट कोण हलवणार? मग गप्प बसते." काकू बहिणीकडे गेलेली असल्यामुळे ते जरा जास्तच मोकळेपणाने बोलत होते.

नवीन पत्त्याची जागा मात्र रिकामीच होती. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर भिंतीवर कंपनीची पाटी होती. तिच्यावरचा पत्ता त्यांनी अक्षर न् अक्षर उतरवला, तारीख उद्याची टाकली आणि हिरवं बटण दाबलं.

"झालं? एवढंच?"

"एवढंच!" बटणशेठला आभाळ ठेंगणं झालं. शेवटी 'नक्की ना?' असा एक प्रश्न होता, तो त्याने स्वतःच काढून टाकला होता. कामाला आलेल्या माणसाला दारात अडवून चौकशा करू नयेत, असं त्याचं ठाम मत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रामर बाई आल्या आल्या म्हणाली, "काल काकांची चाचणी कुठल्या साइटवर घेतलीत?"

"तुमच्या कॉम्प्युटरवर उघडी होती तिच्यावर."

"उघड्या दोन होत्या. एक चाचणीसाठीची खोटी, एक खरी. खरीवरची ऑर्डर सरळ ट्रकमालकाच्या मुकादमाला जाते."

"अहो, पण खोटीवर लाल पट्टी होती ना, ओळखायला?"

"होती. परवा तुम्हीच काढायला लावलीत. डोळ्यांत खुपते म्हणालात."

बटणशेठने घाईघाईने मोबाइल काढला. त्याने मुकादमाला फोन लावला. मुकादम उचलेना, कारण तो त्या वेळी काकांचा पलंग उचलत होता. मग त्याने काकांना लावला.

"हां, बोल," काका उत्साहात होते. "आता ते कपाटापाशी आलेत. चौघं आहेत. मला जरा भीती वाटतेय, डाव्या दाराची बिजागरी सैल आहे. पण माणसं तरबेज दिसतात."

"काका, थांबवा त्यांना! ही चाचणी नाहीये!"

"वा रे वा! आता मला गोंधळात पाडायला बघतोस? मी काय फसतो? तूच म्हणालास, मी मध्ये बोललो तर लक्ष देऊ नका म्हणून. हे बघ, टेबल निघालं. आता मला थोडं रिकामं रिकामं वाटतंय."

"काका, अहो ऐका—"

"चूक-बरोबर काही नसतं," काकांनी त्याला धीर दिला आणि फोन ठेवला.

दुपारपर्यंत बटणशेठ दोघांना फोन लावत राहिला; कुणीच उचलेना. शेवटी तो काकांच्या घराकडे धावत सुटणार, तोच खाली ट्रक येऊन थांबला. मुकादम कामाला वाघ होता. वर येऊन त्याने खोलीवर एक नजर फिरवली आणि विचारलं, "बेडरूम कुठली?" उत्तराची वाट न बघता त्याच्या माणसांनी काचेच्या कोपऱ्यात पलंग मांडला. जेवायचं टेबल कॉम्प्युटरांच्या मधोमध आलं. कपाट दारामागे असं चपखल बसलं, की जणू तिथंच जन्माला आलं होतं. सगळ्यांच्या शेवटी, हातात घरचं भिंतीवरचं घड्याळ धरून, काका आले.

"छान झाली चाचणी," ते म्हणाले. "पण जरा लांबते."

आणि त्यांच्या पाठोपाठ ट्रकमालक. "माझा ट्रक खाली कसा काय?"

"पहिली वेबसाइटवरची ऑर्डर, शेठ," मुकादम म्हणाला. "काल आली, आज पोचवली. एक फोन नाही, एक भांडण नाही."

ट्रकमालक काकांकडे वळला. "कुणी दाखवलं का हो तुम्हाला, कसं करायचं ते?"

"छे! विचारलं की हा उलट मलाच विचारायचा."

आता गप्प बसला असता तर बटणशेठचं काम झालं असतं. पण त्याला खोटं पचत नसे. "शेठ," तो पडेल आवाजात म्हणाला, "यांना घर बदलायचंच नव्हतं. हे चुकून झालं."

ट्रकमालक खो खो हसत पलंगावर बसला. "चुकून झालं? म्हणजे चुकूनसुद्धा होतं, इतकं सोपं! अहो, मुद्दाम करणाऱ्याला मग किती सोपं जाईल!"

तेवढ्यात दारात काकू उभी राहिली. बहिणीकडून घरी आली, तर घरात फक्त भिंती. मुकादमाच्या हातातल्या ऑर्डरच्या कागदावर शेजारणीने पत्ता वाचला होता, तो विचारून ती आली होती. तिने पलंग पाहिला, टेबल पाहिलं, काकांना पाहिलं.

"ट्रक कुणाचा?"

ट्रकमालक उठून उभा राहिला. "माझा."

"उद्या कुणीही उठेल, माझ्या घराचा पत्ता टाकेल आणि माझा संसार उचलून नेईल? घरच्या बाईला विचारायची काही रीत?"

ट्रकमालकाचं हसू मावळलं. "हे मात्र खरं आहे," तो बटणशेठला म्हणाला. "अशी एक बाई रोज माझ्या दारात आली तर मला धंदा बंद करावा लागेल. राहू द्या तुमची वेबसाइट."

बटणशेठला विम्याचं टेबल डोळ्यांसमोर दिसू लागलं. पण काकूचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"राहू द्या कशाला? बटणाच्या वर एक चौकोन काढ. लिही, 'घरातल्या सगळ्यांना विचारलं आहे.' खूण केल्याशिवाय बटण दबता कामा नये."

ट्रकमालकाने ते वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं. "असं असतं," तो हळूच म्हणाला, "तर आमची निम्मी भांडणं झालीच नसती. हे टाका. काम तुमचं."

बटणशेठला काकूच्या पाया पडावंसं वाटलं. प्रोग्रामर बाईने जेवायच्या टेबलावर बसून तिथल्या तिथे चौकोन काढला. मुकादम म्हणाला, "मग सामान परत न्यायची ऑर्डर पहिली घ्या त्याच्यावर." बटणशेठने भराभर सगळं भरलं. चौकोनापाशी त्याचं बोट पोचलं, तोच काकू म्हणाली,

"विचारलंस?"

"अं? हो, म्हणजे... काकू, सामान घरी परत न्यायचं ना?"

काकूने दारामागच्या कपाटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"नाही," ती म्हणाली. "घर रिकामं झालंच आहे, तर आधी सगळ्या भिंतींना रंग. ओल्या भिंती वाळेपर्यंत सामान राहू दे इथंच. कपाट काय, हलतं की!"

काका गडबडले. त्यांनी पुतण्याची बाही धरली. "अरे, आता मी काय करू?"

बटणशेठने धंद्याचा नियम मोडला नाही. "तुम्हाला काय वाटतं, काका?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं, काकूकडे पाहिलं, आणि चाचणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मनातलं मनात ठेवलं.