वस्तादांचे शंभर जोर

उमाबाईनं तालमीच्या उंबऱ्यावर लंगोट आपटला. "हे घ्या वस्ताद! माझा ईरण्णा उद्यापासनं येणार न्हाय."

पंचाक्षरी वस्तादांनी लंगोट उचलून झटकला. या महिन्यातलं हे तिसरं पोर. मुरुम गावची ही तालीम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तहसील कचेरीचे उंबरठे झिजवून त्यांनी तिचा परवाना आणलेला. पोरंच गेली तर तालमीला कुलूपच लागायचं.

"झालं तरी काय?"

"त्या धुळाप्पाला विचारा की! कुस्तीच्या मातीचा हौद खणायची पाळी त्याची, अन् खणतो माझा लेक. वर त्याचे पाय रगडायचे. रडला की टपली. तुमी काय डोळे मिटून बसता व्हय?"

अठरा वर्षांचा आडदांड धुळाप्पा म्हणजे तालमीचं नाक. वस्तादांनी आजवर कानाडोळा केला होता, हे खरंच. पण आता ते इरेला पेटले. शनिवारी सगळ्या पोरांसमोर मारुतीच्या पायावर हात ठेवून त्यांनी कायदाच केला. "तालमीत जो दुसऱ्याला रडवंल, त्यानं तिथल्या तिथं शंभर जोर मारायचे. मग तो कुणी का असंना!"

मारुतीपुढं दिलेला शब्द! तो फिरवायची सोय नाही. उमाबाईनं ईरण्णाला परत धाडलं.

पहिल्या दिवशी धुळाप्पानं तीनशे जोर मारले. दुसऱ्या दिवशी शंभर. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं कुदळ उचलून हौद खणला. वस्ताद मिशीला पीळ देत बाजारभर फिरले आणि तेल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना आपला कायदा ऐकवून आले.

पण पोरांची जात मोठी बिलंदर! दहा वर्षांच्या ईरण्णाला लवकरच उमगलं, की रडण्यात आता लाज राहिली नाही, उलट फायदाच आहे.

"धुळाप्पा, खांद्यावर घे. न्हाय तर रडतो बग."

"आरं, आत्ताच तर घेतलं हुतं!"

"ओठ काढू का?"

धुळाप्पा निमूट खाली बसला. मग काय, सगळ्या चिमुरड्यांनी तोच सूर धरला. एकाला त्याच्या खुराकातले बदाम हवेत, दुसऱ्याला त्याच्याच हातून तेल लावून हवं. एकाचं ऐकावं तर दुसरा भोकाड पसरायचा; गडी दिवसाला सातशे जोर मारू लागला. घरी जेवताना हात तोंडापर्यंत जाईना.

आणि एका सकाळी उंबऱ्यावर दुसरा लंगोट आपटला, चांगला लांबरुंद. "वस्ताद, ही तालीम हाय का थट्टा? माझ्या लेकराला पोरं छळत्यात!" ही धुळाप्पाची आई, लक्ष्मम्मा. तिच्यामागं मान खाली घालून सहा फुटी लेकरू. गलका ऐकून उमाबाईही धावत आली.

तेवढ्यात धुळाप्पाचा बांध फुटला. खरंखुरं, हमसून हमसून रडणं.

"ईरण्णा, चल, शंभर जोर!" वस्ताद गरजले.

"त्याला नका सांगू," धुळाप्पा नाक ओढत म्हणाला. "म्या एवढाच हुतो तवा याच तालमीत थोरल्यांचे पाय रगडले. ह्याच कोपऱ्यात रडलो. तुमी बगितलं, अन् म्हनलात, 'मर्दावानी सोस.' तवा का न्हाय केला कायदा?"

वस्तादांनी त्या कोपऱ्याकडं पाहिलं. शेवटी साठीचा तो म्हातारा उठला, पटका काढून ठेवला, धोतराचा काचा मारला आणि हौदात उतरला.

"चुकलं माजं, पोरा. कायदा म्हंजी कायदा. मोजा!"

पंधरापर्यंत ठीक चाललं. विसाव्याला कंबर बोलली आणि एकविसाव्याला वस्ताद मातीत पालथे पडले. "ऱ्हायलेले म्या मारतो," म्हणत धुळाप्पा शेजारी उतरला. त्याच्यामागून, कुणी न सांगता, ईरण्णा. मग झाडून सगळी पोरं. ईरण्णाचे जोर म्हणजे नुसतं मातीला पोट घासणं, पण मोजत मात्र तोच होता, बेंबीच्या देठापासून.

वस्तादांचा ऊर अभिमानानं भरून आला. मातीनं माखलेलं तोंड दाराकडे वळवून ते म्हणाले, "बगताय न्हवं? हाय का अशी तालीम पंचक्रोशीत?"

"न्हाय खरी," उमाबाई पदराआड हसत म्हणाली. "पर वस्ताद, तुमचे वीसच झाले. एकविसाव्याला तुमी पडलात, त्यो धरायचा न्हाय."