बिराजदार साहेब आणि दुधाळ पाणी

बिराजदार साहेब कुणाच्याही घरी चहाला आले की चहाआधी दूध मागतात. प्यायला नाही. बशी उलटी करून तिच्या पाठीवर दुधाचा एक थेंब सोडतात, बशी तिरकी धरतात आणि थेंब कसा ओघळतो ते बघत बसतात. मागे पांढरा माग राहिला तर चहा घेतात. थेंब नुसताच घरंगळून गेला तर बशी खाली ठेवून म्हणतात, "वहिनी, कोरा चालंल."

आमच्या घरी ते नेहमी कोराच चहा घेतात. माझी बायको त्यामुळे आमच्या गवळ्याशी भांडते, आणि गवळी माझ्याशी.

साहेब सरकारी खात्यात भेसळ पकडण्याचं काम करत होते. उभा लातूर जिल्हा त्यांनी चाखला. निवृत्त होऊन आमच्या सोसायटीत राहायला आले, पण जीभ निवृत्त झाली नाही आणि नजर तर नाहीच. हळदीत रंग, खव्यात मैदा, माणसाच्या बोलण्यात काहीतरी. "शुद्ध काही नसतं, सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, "नमुना घ्या." लिफ्ट अडकली तरी ते आधी नमुना घ्या म्हणतील असं वाटतं.

आता आमच्या सोसायटीबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना मला कायम लाज वाटते. आमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. लातुरात. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणून पाजावं लागलं, त्या गावात आम्ही निळ्या फरशीचा तलाव भरून बसलो आहोत. बिल्डरने जाहिरातीत दाखवला होता, मग बांधावा लागला. चाकूरकडून माझा भाऊ येतो तेव्हा मी त्याला मागच्या फाटकाने आणतो. एकदा त्याने विचारलंच, हे काय आहे. मी म्हणालो, आग लागली तर पाणी असावं म्हणून. तो बराच वेळ पाण्याकडे आणि नंतर माझ्याकडे बघत होता.

सोसायटीचा सचिव मी. कुणीच तयार नव्हतं म्हणून. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या माणसाला मोटार, पंप आणि टँकरवाले यांच्या हवाली केलं की जे होतं ते माझं झालं आहे.

गेल्या वर्षी शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि तलावाचं पाणी गढूळ झालं. हिरवं नाही, काळं नाही, वासही नाही. नुसतं दुधाळ. तांदळाचं धुवण असतं तसं. तळाच्या फरशीवर बिल्डरने एक मासा रंगवून घेतला होता, तो दिसेना.

तलाव सांभाळतो गंगाधर. चाकूर तालुक्यातला, सरळ, कमी बोलणारा. तलावाच्या कडेला मोटारीची खोली आहे. तिच्यात रांजणाएवढ्या पोटाचं एक निळं भांडं, आत वाळू. मोटार तलावातलं पाणी ओढते, वाळूतून गाळते आणि परत तलावात सोडते. भांड्याच्या डोक्यावर एक दांडा आहे. एका खुणेवर ठेवला की पाणी वाळूतून जातं. दुसऱ्या खुणेवर ते उलटं फिरून वाळूतली घाण बाहेर फेकतं. आणखी एक खूण अशी आहे की पाणी वाळूला वगळून नुसतंच गोल फिरतं. मोटार बंद केल्याशिवाय दांडा हलवायचा नाही, एवढं गंगाधरने मला पढवलं होतं. मी तो कधीच हलवला नाही.

गंगाधरने पाणी उलटं सोडून वाळू धुतली. धुतलेलं पाणी गटारात जाऊ नये म्हणून पाइप लावून कडुनिंबांना घातलं. पाणी दुधाळच. क्लोरीन तपासलं, बरोबर होतं. माझ्या बायकोने तुरटी सुचवली, कारण आमच्याकडे घागरीत तुरटी फिरवूनच आम्ही मोठे झालो. तुरटी फिरवली. एक दिवस गाळ खाली बसला, पाणी निवळलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी उड्या मारल्या आणि पुन्हा जैसे थे. मग नांदेडहून नवी वाळू मागवली. पोती आली तेव्हा बिराजदार साहेबांनी मूठभर वाळू तळहातावर घेऊन फुंकर मारली. "चाळलेली हाय का? का गोदावरीतून थेट उचलली?"

वाळू चांगली होती. पाणी मात्र तसंच राहिलं.

दुसरं गाव असतं तर तलाव रिकामा करून पुन्हा भरला असता. लातुरात भरलेलं पाणी सोडून द्यायचं म्हणजे सोसायटीवर मोर्चा आला असता, आणि मोर्च्यात माझा भाऊ पुढे असता. सोसायटीचे अध्यक्ष डॉक्टर आहेत. त्यांना लक्षणावरून लगेच निदान करायची सवय. ते म्हणाले, माणूस कामचुकार आहे. रविवारच्या बैठकीपर्यंत पाणी निवळलं नाही तर गंगाधरला काढायचं, आणि ते त्याला मी सांगायचं. गंगाधरची मुलगी इथे शिकवणीला आहे, दोघं एका खोलीत राहतात, हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून मी त्याच्या नजरेला नजर देईना. तो मात्र मला रोज नमस्कार करायचा. नमस्काराचासुद्धा मला धाक वाटायला लागला.

तपास बिराजदार साहेबांनी स्वतःहून हाती घेतला. जन्मभर दुधात पाणी शोधलेला माणूस, आता त्याला पाण्यात दूध शोधायचं होतं. ते तलावाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागले. काचेच्या बाटल्यांत चारही कोपऱ्यांतले नमुने भरून त्यांनी सोसायटीच्या कार्यालयाच्या खिडकीत ओळीने मांडले. रोज त्यांचा एक नवा संशयित असायचा. सोमवारी टँकरवाला: "चुनखडीच्या विहिरीचं पाणी आणून राहिलाय." मग सी विंगमधले जोशी, जे अंगाला बेसन लावून पाण्यात उतरतात. मग ज्यांनी गेल्या गणपतीत शाडूची मूर्ती गुपचूप तलावात बुडवली ते कोणीतरी. साहेब लोकांचे टॉवेल हुंगायचे. पोरांच्या डोक्यावरून बोट फिरवून ते उन्हात धरायचे.

एक दिवस त्यांनी माझ्याही डोक्यावरून बोट फिरवलं.

"खोबरेल," ते म्हणाले.

मी गोरामोरा झालो. अंघोळ न करता, डोक्याला तेल तसंच ठेवून मी तलावात उतरलो होतो, एकदा नाही, बऱ्याचदा. त्यानंतर दोन दिवस माझी खात्री होती की पाणी माझ्यामुळेच गढूळ झालं आहे आणि गंगाधरची नोकरी माझ्या टाळूमुळे जाणार आहे. बायकोला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या डोक्यात एवढं असतं तर बरं झालं असतं.

सोसायटीचं वातावरण पार बिघडलं. जोशी टँकरवाल्याकडे बोट दाखवत, टँकरवाला पोरांकडे, पोरांच्या आया एकमेकींकडे. लिफ्टमध्ये लोक एकमेकांचा वास घ्यायला लागले. फक्त एका माणसावर साहेबांनी संशय घेतला नाही. डॉक्टरांनी गंगाधरचं नाव काढलं की ते ताडकन म्हणायचे, "त्याला खामखा ओढू नका. तो माणूस साफ हाय." शुद्ध काही नसतं म्हणणाऱ्या माणसाने एकाला साफ म्हणावं, याचाच मला संशय यायला लागला.

त्यातच एक गोष्ट माझ्या कानावर पडत होती. मोटारीची खोली आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच आहे. गंगाधर दिवेलागणीला मोटार रात्रभरासाठी चालू करून घरी जायचा. तो गेल्यावर थोड्या वेळाने मोटार थांबायची. खोकल्याची ढास येऊन जावी इतकाच वेळ. मग पुन्हा चालू. मला आधी वाटलं, लाइट गेली असेल. पण लाइट गेली तर आमचा पंखाही थांबायला हवा होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी जिन्यात उभा राहिलो. चोरावर पाळत ठेवताना चोरासारखं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. मोटार थांबताच मी खोलीचं दार लोटलं.

बिराजदार साहेब दांडा धरून उभे होते. दांडा वाळूला वगळणाऱ्या खुणेवर होता.

"दार लावा, सर," ते म्हणाले. त्यांनी शांतपणे मोटार चालू केली. मला वाटलं होतं ते ओशाळतील, काहीतरी बहाणा सांगतील. ते उलट्या बादलीवर बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. वहिनींचे, म्हणजे साहेबांच्या बायकोचे, गुडघे गेलेले. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. सकाळचा पहिला तास बायकांचा, म्हणून त्या पहिल्या दिवशी उत्साहाने गेल्या, आणि कोरड्याच परत आल्या. त्यांच्या पायांवर पांढरे डाग आहेत, मांड्यांपर्यंत. लग्न जुळवताना हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मला लग्नानंतर दिसलं," ते म्हणाले. "ती रात्रभर रडली. मी म्हटलं, रडून काय व्हतंय, झोप. तेव्हापासून बघा, ती घरातबी पाय झाकूनच बसती. बाया डाग बघतील, पाण्यातून निघून जातील, म्हणून तिनं पाण्यात पाय घातला न्हाई. मग शाळांना सुट्ट्या लागल्या, पोरांची गर्दी झाली, पाणी गढूळ झालं. त्या दिवशी ती उतरली, सर. घरी आली तर जिन्यात कुठंच थांबली न्हाई."

गंगाधर ते पाणी लवकरच निवळवणार, हे साहेबांनी ओळखलं. म्हणून संध्याकाळी दांडा फिरवायचा आणि पहाटे फिरायला निघताना परत जागेवर ठेवायचा.

"पाणी घाण न्हाई. औषध बरोबर पडतंय, मी रोज बघतो. फक्त गाळलेलं न्हाई."

मी म्हणालो, रविवारी गंगाधरची नोकरी जाईल.

"ते ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "म्हणून तर रोज नवा माणूस देऊन राहिलो तुम्हाला. वाटलं, येवढ्या लोकांत संशय वाटून टाकला तर कुणा एकाच्या वाट्याला फार येणार न्हाई."

दोन दिवस मी तळमळत काढले. बोललो तर वहिनी उघड्या पडणार, गप्प बसलो तर गंगाधर उघड्यावर येणार. मी कुठल्याच बाजूने धीट निघालो नाही, हे कबूल करतो. रविवारच्या बैठकीला जाताना मी काय बोलायचं हे ठरवलंच नव्हतं.

बोलायची वेळ आली नाही. डॉक्टरांनी गंगाधरचा विषय काढला आणि साहेब उभे राहिले. खात्यात अहवाल वाचत असावेत तशा आवाजात ते म्हणाले, "दांडा मी फिरवत होतो."

कुणीतरी विचारलं, का.

"सवय. हात लावल्याबिगर चैन पडत न्हाई."

मग जे हसू उसळलं ते थांबेना. जोशी म्हणाले, कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा की. ज्यांचे टॉवेल हुंगले गेले होते त्यांनी त्या दिवशी सगळं वसूल करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, वयाने असं होतं, आणि मोटारीच्या खोलीला कुलूप लावायचं ठरलं. साहेब टोमणे ऐकत उभे होते. वहिनींचं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. दाराशी उभा असलेला गंगाधर कुणाकडेच बघत नव्हता.

पाणी निवळायला फार दिवस लागले नाहीत. तळावरचा मासा दिसायला लागला. आता वहिनी येणं बंद करणार, असं मी धरून चाललो होतो. पण बायको सांगायची की त्या येतात, रोज येतात. मला कोडं पडलं.

त्याच सुमारास सकाळी तलावाच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर आरडाओरडा ऐकू यायला लागला. बायकांचा तास सुरू झाला की साहेब भाजीच्या गाड्यावर धाड घालायचे. वाटाणे पांढऱ्या रुमालावर घासून रुमाल सगळ्यांना दाखवायचे, रंग लावलाय म्हणून. भाजीवाला आईची शपथ घ्यायचा. साहेब भेंडी मोडायचे, तो तागडी आपटायचा. तलावातल्या सगळ्या बायका ओल्या कपड्यांनी कुंपणाशी धावायच्या. भाजीवाला तर पुढे पुढे त्याच वेळेला यायला लागला, कारण भांडण संपल्यावर त्याची भाजीही संपायची. आणि तलावाकडे सगळ्यांची पाठ असताना वहिनी पायऱ्या उतरून गळ्याएवढ्या पाण्यात जायच्या.

मला साहेबांच्या युक्तीचं कौतुक वाटलं. बायकोला म्हणालो, रोज तेच भांडण, तुम्ही बायका रोज काय बघायला जाता?

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती गवळ्याकडे बघते.

"भांडण कोण बघतंय? त्यांना उतरू द्यावं म्हणून जातो आम्ही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून. गढूळ पाण्यातून माणूस कधी वर येतच नाही का? ओली सलवार अंगाला चिकटते, आतले डाग दिसतात. सगळ्यांनी बघितलंय."

"मग कुणी काही बोललं नाही?"

"त्यांना बरं वाटत होतं की आम्हाला दिसत नाही. मग आम्हाला दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. घसा बसला होता, हातात भेंडीची पिशवी होती. त्यांनी मला जिन्याखाली बाजूला घेतलं आणि इकडेतिकडे बघून विचारलं,

"सर, बायांना काही संशय आला न्हाई ना?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "कुणालाच नाही."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ निरखून बघितलं. मग मान हलवली आणि घर गाठायला जिना चढू लागले.